एक सांगता येण्याजोगं कारण

आमच्या मंडळीत कुणी कुणाला नकार देत नाही. आम्ही ख्रिस्ती माणसं. आम्ही फक्त गोष्टी 'प्रार्थनेत ठेवतो'. रविवारच्या शाळेत शिकवाल का, नाताळच्या भजनांना घरची पेटी द्याल का, तुमची मुलगी आमच्या मुलाला द्याल का, काहीही विचारा. समोरचा डोळे अर्धे मिटतो आणि म्हणतो, "प्रार्थनेत ठेवतो." विचारणारा समजतो आणि दुसरं घर बघतो. सोलापुरातून अशा किती गोष्टी वर ठेवायला गेल्या असतील आणि देवाने त्या कुठे रचून ठेवल्या असतील, त्याचं त्यालाच ठाऊक.

माझ्या मोठ्या मुलीचं लग्न मी असंच पावसाळ्यापासून प्रार्थनेत ठेवलं होतं.

मुलगी दवाखान्यात नर्स होती. मुलगा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. दोघांची ओळख तरुण संघाच्या शिबिरात झाली. मुलगा ख्रिस्ती, पीत नव्हता, पेटी चांगली वाजवायचा आणि मोठ्या माणसांसमोर बेताने बोलायचा. असा मुलगा दुसऱ्या कुणाच्या मुलीला मिळाला असता तर मी स्वतः उभं राहून आभाराची प्रार्थना केली असती. बायकोने विचारलं, "अहो, मग काय कळवायचं त्यांना?" मी डोळे अर्धे मिटले. बायको माझ्याबरोबर चोवीस-पंचवीस वर्षं राहिली होती, तिने पुढे विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "पुरे झालं. उघडा डोळे, आमटी निवतेय."

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मंडळीत मनं पुन्हा जागी करण्याच्या उज्जीवन सभा झाल्या. बाहेरगावचे एक निवृत्त पाळक उपदेशाला आले होते. सडपातळ, खोल गेलेल्या आवाजाचे. उज्जीवन सभेला आमची माणसं रडायच्या तयारीने येतात. बायकांनी स्वच्छ रुमाल आणले होते आणि पुरुषांनी हमसून रडण्यासाठी पुढच्या जागा धरल्या होत्या. या गृहस्थांनी कुणालाच रडू दिलं नाही. ते म्हणाले, मन रडून नवं होत नाही, रडून फक्त मोकळं होतं, आणि मोकळ्या जागेत जुनंच सामान परत येऊन बसतं. मन नवं करायचं तर बसून विचार करावा लागतो. एक विचार उचला, तो कुठून आला ते बघा, कुठे जातो ते बघा, अर्ध्यावर सोडू नका. विचार करणं हे देवाने आपल्याला दिलेलं काम आहे आणि आपण ते प्रार्थनेच्या नावाखाली त्याच्याकडेच परत पाठवतो.

लोकांची फार निराशा झाली. दुसऱ्या दिवशी निम्म्या सतरंज्या रिकाम्या होत्या. पंचांपैकी एकजण मला म्हणाला, "सेक्रेटरी, पुढच्या वेळी जरा आत्म्याने भरलेला माणूस बोलवा."

मी मात्र भारावून गेलो. मी मंडळीचा सेक्रेटरी होतो, भारावून जाणं माझं कर्तव्य होतं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे अंगणात खुर्ची टाकून मी विचार करायला बसू लागलो. गिरणीच्या सकाळच्या पाळीचा भोंगा होईपर्यंत घरात कुणी भांडं वाजवायचं नाही, असा हुकूम काढला. धाकट्या मुलांना चिमटे काढून गप्प बसवलं जाई. शेजारच्या तेलुगू विणकराच्या घरात माग सुरू झाला की मी त्या दिशेने दुःखी नजर टाकायचो, आणि शेजारीण तिच्या नवऱ्याला काहीतरी सांगून हसायची. बायको म्हणाली, "विचारच करायचाय ना? मग नळावर रांगेत उभं राहून करा. तिथंही वेळ जातो."

विचार उत्तम चालला. मी गिरणीत फोल्डिंग खात्यात कापड तपासायचो. आयुष्यभर दुसऱ्यांनी विणलेल्या कापडातले डाग, गाठी आणि तुटलेले धागे शोधण्याची माझी नजर. ती नजर मी आता मनांवर लावली. पहिल्या आठवड्यात पाळकसाहेबांचं मन तपासलं. त्यात अहंकार सापडला. मग भजनी मंडळाच्या प्रमुखाचं. मग दोन पंचांचं, त्यांतल्या एकाचा तर तागाच्या तागा खराब निघाला. थंडी संपेपर्यंत मी अख्ख्या मंडळीची मनं नजरेखालून घातली होती. कुठली नवी करायला हवीत हे मला इतकं स्पष्ट दिसायचं की कधीकधी मला देवाची दया यायची.

माझं मन तेवढं राहून गेलं. वेळच मिळाला नाही.

मंडळीत दर रविवारी सूचना वाचण्याचं काम माझं. पाळकसाहेब एक कागद हातात द्यायचे आणि मी व्यासपीठाच्या पायरीवर उभा राहून वाचायचो: कुणाच्या घरी बुधवारची प्रार्थना, कुणाचं बाळ अर्पण होणार, कुणाच्या लग्नाच्या हाका. हाका म्हणजे आमच्यात लग्नाआधी तीन रविवार सगळ्या मंडळीसमोर वर-वधूची नावं वाचतात आणि कुणाला हरकत असेल तर त्याने कळवावी असं सांगतात. हे वाक्य मी इतकी वर्षं वाचत आलो होतो की वाचताना मनात जेवणाचा विचार करता यायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी असाच वाचत होतो. "पुढील वधू-वरांच्या विवाहाची ही पहिली हाक." मुलाचं नाव, मुक्काम कुर्डुवाडी. मग मुलीचं नाव. मग, सोलापूर येथील श्रीयुत अमुक यांची ज्येष्ठ कन्या. तो अमुक मी होतो. माझ्या तोंडाने ते वाचून टाकलं होतं. मला समजलं ते नंतर. तोवर तोंड पुढच्या वाक्यावर गेलं होतं: "या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्याने ती कळवावी." मंडळी माझ्याकडे बघत होती. मी मंडळीकडे बघत होतो. हरकत असणारा माणूस त्या सबंध देवळात एकच होता आणि तो हरकत मागत उभा होता.

बाहेर पाळकसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "सेक्रेटरी, अभिनंदन. तुमच्या प्रार्थनेचं उत्तर आलं."

मुलगी सज्ञान होती. तिने मला न विचारता नाव दिलं होतं. खरं तर विचारलं होतं, पावसाळ्यात. घरी मी जेवलो नाही. ताटावरून उठणं हे मी नाराजी दाखवण्याचं सात्त्विक साधन समजायचो. मुलगी माझ्यासमोर येऊन बसली.

"पपा, तुम्हाला हरकत आहे ना?"

"मी तसं म्हटलं का?"

"नाही म्हटलं. तेच तर. आता म्हणा."

बायको म्हणाली, "अगं, बापाशी कशी बोलतेस?"

"नीटच बोलतेय. पपा, माझं एवढंच म्हणणं आहे. तुमची हरकत काय आहे ते एका वाक्यात सांगा. मला नाही, त्याला सांगा, त्याच्या तोंडावर. सांगता आलं तर मी लग्न मोडते. शपथ घेत नाही, आपल्यात घेत नाहीत, पण शब्द देते. तिसऱ्या हाकेपर्यंत वेळ आहे."

"आणि नाही सांगता आलं तर?"

"तर तिसरी हाक तुम्हीच वाचायची. आजारी पडायचं नाही."

मला मनातून बरं वाटलं. एक वाक्य. रोज पहाटे विचार करणाऱ्या माणसाला एक वाक्य म्हणजे काय अवघड? आणि मुलगी शब्द पाळणारी होती. लहानपणी एकदा कुल्फी खाणार नाही म्हणाली तर सबंध उन्हाळा खाल्ली नाही. म्हणजे लग्न मोडणं माझ्या हातात होतं. तिचं अख्खं आयुष्य तिने माझ्या जिभेच्या टोकावर आणून ठेवलं होतं, आणि मी जिभेला धार लावायला बसलो.

पहिलं कारण नोकरीचं. रेल्वेचा मोठा संप होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि मुलगा संपात होता. उद्या परत संप केला, कामावरून काढलं, तर? चांगलं भक्कम कारण. ते घेऊन मी खुर्चीत बसलो आणि उपदेशकांच्या सांगण्याप्रमाणे ते कुठून आलं ते बघू लागलो. तर आठवलं की संपाच्या दिवसांत गिरणीच्या फाटकाशी उभं राहून मीच म्हणालो होतो की रेल्वेवाल्यांचं बरोबर आहे, त्यांच्यात निदान हिंमत आहे. शिवाय त्याला कामावर परत घेतलं होतं. कारण कुठेच गेलं नाही. जागेवरच बसलं.

दुसरं, कुर्डुवाडी. मुलगी लांब पडेल. पण सोलापूरहून गाडीत बसून शेंगा खात निघालं तर शेंगा संपायच्या आत कुर्डुवाडी येतं. हे कारण मी बायकोवर करून बघितलं. ती म्हणाली, "तुमच्या बहिणीला मुंबईला दिली तेव्हा तुम्ही ढोलकी वाजवत होता."

तिसरं भाषेचं. मुलाच्या घरी हाय-न्हाय बोलतात. आमची मुलगी मिशनच्या शाळेत शिकलेली. या कारणाने मी दोन दिवस काढले, कारण ते दिसायला सुसंस्कृत होतं. मग माझे वडील आठवले. शेवटपर्यंत ते "परभू, तुजी लई दया हाय" असंच म्हणत प्रार्थना करायचे, आणि त्या प्रार्थनेला भिंतीसुद्धा 'आमेन' म्हणतील असं वाटायचं. मी सुधारलेल्या मराठीत करतो तेव्हा लोक घड्याळ बघतात.

दुसऱ्या रविवारी मी दुसरी हाक वाचली. आवाज बरा लागला. त्या दिवशी मुलाची आई सोलापुरात आली होती. बायकोने तिला जेवायला बोलावलं. विधवा बाई, उंच, ठसठशीत, मोकळ्या कपाळाची, पदर घट्ट खोचलेला. जेवणं झाली. मी सुपारी कातरता कातरता तो प्रश्न विचारला जो आमच्यातला प्रत्येक माणूस प्रत्येक नव्या माणसाला विचारतो.

"मूळचे कुठले तुम्ही?"

"नातेपुत्याच्या बाजूचं."

"अस्सं. आम्ही वेळापूरकडचे. गावात कुठं?"

बाईने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या बायकोकडे. मग परत माझ्याकडे.

"गावात? गावात कोन ऱ्हाऊ देत व्हतं, पाव्हणं? तुमचं आजं ऱ्हात व्हतं का गावात?"

बायकोला ठसका लागला.

"न्हाय, तसं नाही," मी म्हणालो. "सहज विचारलं."

"सहजच इचारत्यात समदी. वड्याच्या पल्याड आमी. तुमी अल्याड आसनार. झालं का समाधान?" तिने सुपारी माझ्या हातातून घेतली. "आवो, आमच्यात बी कुरकुर हायच की. आमचं दीर म्हनत्यात, ती अल्याडची लोकं लई फुशारक्या, पोरगी घरात आली की शिकवाया लागंल आमास्नी. मी म्हनलं, शिकवू दे की. शिकायला काय पैसं पडत्यात?"

आमच्या दोघांचेही आजोबा गावकुसाबाहेरचे. दोघांनाही गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता. दोघांनीही बाप्तिस्मा घेतला तो एकाच पाण्यात. पण कुसाबाहेरच्या जगात गावोगाव दोन जातींच्या मध्ये एक ओढा होता, आणि ओढ्याच्या अलीकडचे पलीकडच्यांच्या हातचं खात नव्हते. पुढे तारण झालं, शिक्षण झालं, पेटी आली, सुधारलेलं मराठी आलं. ओढा आम्ही सोबत घेऊन आलो. सोलापूरसारख्या कोरड्या गावात इतकी वर्षं तो जपणं काही सोपं काम नव्हतं.

आता शेवटचा आठवडा होता. माझ्याकडे कारण होतं, पण वाक्य होत नव्हतं. वाक्य जुळवू लागलो की ते इतकं उघडं दिसायचं की मी त्यावर काहीतरी पांघरूण घालायचो: चालीरीती, वळण, घराणं. पांघरूण घातलं की ते तोंडावर सांगण्याजोगं राहायचं नाही, कारण मुलगा विचारणार, "म्हणजे काय, मामा?" मग पुन्हा उघडं.

म्हणून मी पहिल्यांदाच तो विचार अर्ध्यावर न सोडता धरून बसलो. खरं सांगायचं तर दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. हा विचार कुठून आला? आजोबांकडून. आजोबा एक गोष्ट सांगायचे, अभिमानाने. त्यांच्या गावात मिशनने देऊळ बांधलं तेव्हा गोऱ्या साहेबाने दोन्ही वस्त्यांना एका खोलीत बसवलं आणि प्रभुभोजनाला सगळ्यांना मिळून द्राक्षरसाचा एकच प्याला ठेवला. मोठा पेच पडला. मग आमच्या जाणत्या माणसांनी शांतपणे तोड काढली. आमची माणसं पुढे बसतील, त्यांची मागे. प्याला आधी आमच्या ओळींतून फिरेल, मग मागे जाईल. साहेबाला वाटलं, वडीलधाऱ्यांचा मान असेल. कुणाचं मन दुखावलं नाही, धर्मही राहिला. आजोबा हसून म्हणायचे, "डोकं पायजे डोकं."

ही गोष्ट मी स्वतः तरुण संघात सांगितली होती. एकोप्याचा दाखला म्हणून.

पहाटेच्या गारव्यात खुर्चीवर बसून मी तो प्याला डोळ्यांसमोर आणला आणि त्याच्याबरोबर मागे मागे गेलो. इतक्या वर्षांत मी कधी आमच्या ओळींपलीकडे त्या प्याल्याबरोबर गेलोच नव्हतो. माझी गोष्ट दरवेळी आमची शेवटची ओळ पिऊन झाली की संपायची. आता मागच्या ओळी दिसू लागल्या. तिथे बायका बसल्या होत्या, पदर घट्ट खोचलेल्या, पोरं मांडीवर घेतलेल्या, आणि आमचं पिऊन होण्याची वाट बघत होत्या. त्यांना ते समजत नव्हतं असं आजोबांना वाटायचं. त्यांना समजत होतं. समजून त्या वाट बघत होत्या आणि प्याला आला की पीत होत्या. विटाळ टाळण्यासाठी आम्ही प्रभूचा प्याला त्यांच्या आधी पळवला होता, आणि हे करताना आमचे डोळे भक्तीने मिटलेले होते. अर्धे.

भोंगा झाला तरी मी उठलो नाही. त्या दिवशी गिरणीत उशीर झाला. माझ्या नोकरीतला पहिला उशीर, आणि खात्यातल्या साहेबाला कारण सांगताना मी "पित्त झालं" म्हणालो. मन नवं होण्याची गती एवढीच होती.

शनिवारी संध्याकाळी मुलगी कामावरून आली, पाय धुऊन अंगणात बसली. मी तिच्याजवळ गेलो.

"वाक्य सापडलं," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं होतं मला सापडणार नाही. पण ती सावरून म्हणाली, "सांगा."

"त्याचा आजा ओढ्याच्या पलीकडचा होता, हे माझ्या डोक्यातून जात नाही."

 शेजारचा माग चालू होता.

"एवढंच?"

"एवढंच. दुसरं काही नाही. नोकरी, गाव, भाषा, सगळं बघितलं. खाली हेच निघालं."

"हे त्याच्या तोंडावर सांगाल?"

"सांगेन. सांगायलाच हवं. उद्या उपासनेच्या आधी सांगतो."

"मग मी शब्द दिलाय," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. नर्सांचा असतो तसा, वाईट बातमी सांगताना. "तुम्हाला सांगता आलं तर मोडेन असं म्हणाले होते मी. मोडू का, ते सांगा."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वाक्य सापडल्याच्या आनंदात, कबुली देण्याच्या सुखात, मी विसरलो होतो की त्या वाक्याला दुसरं टोक आहे आणि तिथे ती उभी आहे. कबुली देणाऱ्या माणसाचं असंच होतं. त्याला वाटतं, खरं बोललो म्हणजे काम झालं. ते खरं कुणाच्या अंगावर पडलं हे बघायला तो थांबत नाही. मी हरलो असतो तर तिचं लग्न झालं असतं. मी इतका चांगला विचार केला होता की आता ते मोडणार होतं.

"मोडू नकोस," मी म्हणालो.

"का?"

"कारण हे कारण नाही. हे माझ्या डोक्यात आहे, त्याच्यात नाही."

"डोक्यातून गेलं का?"

"नाही."

"मग उद्या कसं वाचणार?"

"ते जाईपर्यंत थांबलो तर तू म्हातारी होशील. वाचतो आधी. मन मागून येईल."

ती हसली नाही. "आईला सांगते," म्हणाली आणि आत गेली. आतून बायकोचा आवाज आला, "म्हटलं नव्हतं? नळावर उभे राहिले असते तर चार महिने आधीच सुचलं असतं."

सकाळी देवळाच्या फाटकाशी मी मुलाला गाठलं आणि ते वाक्य सांगितलं. काही न लपवता, एका दमात. त्याने ऐकून घेतलं, टोपी या हातातून त्या हातात केली आणि म्हणाला, "ठाऊक होतं, मामा. तुम्ही माझ्या पेटीचं इतकं कौतुक करायचा आणि माझं कधीच नाही, तेव्हाच ओळखलं होतं." मग जरा थांबून म्हणाला, "आत चला, घंटा झाली." मला त्याने माफ केलं की नाही हे मला त्यातून समजलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. अजून झालेलं नाही.

सूचनांची वेळ आली. मी पायरीवर उभा राहिलो. बुधवारची प्रार्थना वाचली. मग तिसरी हाक. मुलाचं नाव, मुलीचं नाव, माझं नाव. "या विवाहास कोणाची हरकत असल्यास," मी वाचलं, आणि थांबलो. इतकी वर्षं मी त्या वाक्यानंतर कधी थांबलो नव्हतो. त्या दिवशी पुढचा शब्द येईना. लोक वर बघू लागले. पंखा फिरत होता. मला त्या मंडळीत कुणाकुणाच्या मनात तेच वाक्य आहे हे ओळीने दिसत होतं, सगळी मनं मी तपासून ठेवलेली होती. कुणी उठलं नाही. मीही उठलो नाही. मी उभाच होतो. पाळकसाहेब खोकले.

"त्याने ती कळवावी," मी वाचून संपवलं, "नसल्यास आपण पुढे जाऊ." हे शेवटचे शब्द कागदावर नव्हते.

बायकांच्या बाजूला मुलगी आईजवळ मान खाली घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते. ती प्रार्थना करत होती, रडत होती की हसत होती, हे मला त्या पायरीवरून दिसलं नाही.